पसरलाय का? आणि कुठवर?

कर्करोगाचं निदान झालं, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'पसरलाय का?' गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणून भागत नाही. तो कुठवर आणि कोणत्या वाटेनं गेला, यावर पुढचं सारं अवलंबून असतं.

गर्भाशय म्हणजे जाड स्नायूंची पिशवी. पाळीच्या वेळी तिचं आतलं अस्तर गळून पडतं. हा कर्करोग त्या अस्तरात सुरू होतो आणि मग त्याच्या पेशी स्नायूत शिरतात. म्हणूनच काढलेली पिशवी तपासताना आजार स्नायूच्या निम्म्या जाडीपर्यंत पोचला का, हे मोजतात. तिथपर्यंत गेलेल्या आजारात ओटीपोटातल्या लसीकाग्रंथींमध्ये पेशी पोचण्याचा धोका वाढतो. काही पेशी खाली गर्भाशयाच्या मुखाकडे जातात, काही बीजवाहिन्यांतून पोटाच्या पोकळीत उतरतात, तर काही रक्तातून फुफ्फुसापर्यंत जातात.

पण पेशी सापडली म्हणजे ती रुजलीच, असं नाही. शस्त्रक्रियेत पोटाची पोकळी सलाइननं धुऊन ते पाणी तपासतात. त्यात कर्करोगाच्या पेशी दिसल्या, तर १९८८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आजार थेट तिसऱ्या टप्प्यात धरला जाई. २००९ मध्ये हा निकष वगळला गेला, कारण केवळ त्यावरून पुढचं भाकीत करणं भरवशाचं नव्हतं. उलट, २०२३ च्या वर्गीकरणात पेशींचा प्रकार, लहान वाहिन्यांत शिरलेल्या पेशींचं प्रमाण आणि जनुकांतले बदल यांनाही स्थान मिळालं. 'पोल' नावाच्या जनुकात ठरावीक बदल असला, तर दिसायला उग्र वाटणारा आजारही बहुधा आटोक्यात राहतो. 'पी-५३' बिघडलेलं असेल, तर लवकर सापडलेल्या आजारालाही सहसा अधिक उपचार लागतात. तेव्हा अहवाल हातात आला, की टप्प्याच्या आकड्यावर थांबू नका. या गोष्टी डॉक्टरांना विचारा.

लवकर निदानाचं मोल किती, ते अमेरिकेतल्या नोंदी सांगतात. आजार गर्भाशयापुरता असताना सापडला, तर शंभरातल्या सुमारे ९५ जणी पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूरच्या अवयवांत गेल्यावर हा आकडा विसाच्या आसपास येतो.

आणि श्रोतेहो, हा आजार बहुधा आधी सूचना देतो. सुमारे ९० टक्के रुग्ण स्त्रियांना रक्तस्राव होतो, बहुतेकींना पाळी गेल्यानंतर. पण 'उष्णता झाली असेल', 'पाळी परत आली असेल' असं म्हणून कितीतरी जणी ते अंगावर काढतात. या वयात मुला-सुनेला काय सांगायचं, हा संकोच असतोच. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एकदा जरी रक्ताचा डाग दिसला, तरी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. सोनोग्राफीत अस्तराची जाडी कळते आणि गरज पडल्यास त्याचा लहानसा तुकडा तपासतात. 'पॅप' तपासणी गर्भाशयमुखासाठी असते. तिच्या निर्वाळ्यावर विसंबू नका.

असा रक्तस्राव होणाऱ्या दहापैकी साधारण नऊ जणींना कर्करोग नसतोच. त्यांची काळजी मिटते. दहावीचा आजार बहुधा पिशवीतच असताना हाती लागतो. घरात आई, सासू, मावशी असेल, तर आज तिला हे जरूर सांगा.