पहिला आला आणि घरी गेला



आज बोलायचं आहे निको रोझबर्ग या जर्मन मोटार शर्यतपटूबद्दल. त्याच्या निमित्ताने आणखीही एक गोष्ट बघायची आहे. ताशी तीनशे किलोमीटरने पळणाऱ्या गाड्या समोर असताना माणसाला जांभई का येते? नागपुरात बसून फॉर्म्युला वनच्या गप्पा कशाला, असं कुणी म्हणेल. पण शर्यतीतलं विदर्भाला कळत नाही असं समजायचं कारण नाही. आपला शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आहेच. त्याच्याकडे येतो थोड्या वेळाने.

२ डिसेंबर २०१६. व्हिएन्ना शहरात आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा बक्षीस समारंभ होता. विश्वविजेतेपदाचा चषक त्या संध्याकाळी रोझबर्गच्या हाती पडायचा होता. त्याआधीच पठ्ठ्याने जाहीर करून टाकलं की मी थांबलो! विजेता होऊन जेमतेम पाच दिवस झाले होते. वय एकतीस. मर्सिडीज संघाशी पुढच्या दोन वर्षांचा करार झालेला. जगातली सगळ्यात वेगवान गाडी अशी एकाएकी बिनचालकाची झाली. मग विल्यम्स संघाचा वाल्टेरी बोटास तिच्यासाठी आणला. त्याची जागा भरायला फिलिपे मासाला परत बोलावलं, आणि मासाचा निरोप समारंभ तर नुकताच रडारडीसकट आटोपला होता.

विजेतेपद मिळवून लगेच थांबलेले लोक याआधीही होते. १९९३ साली अॅलन प्रॉस्ट थांबला. १९७३ साली जॅकी स्ट्यूअर्ट थांबला, पण त्याची गोष्ट वेगळी. त्या काळात दर हंगामात एखाददुसऱ्या ड्रायव्हरची अंत्ययात्रा ठरलेली असायची. स्ट्यूअर्टची शंभरावी शर्यत अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला व्हायची होती, तिथेच सरावात त्याचा साथीदार फ्रान्स्वा सेव्हेर गेला. स्ट्यूअर्ट त्या शर्यतीत उतरलाच नाही, आणि त्याचा आकडा नव्याण्णववर राहिला तो कायमचा. रोझबर्गच्या वेळी मरणाची टांगती तलवार तितकी राहिली नव्हती. मग एवढं काय झालं होतं?

त्यासाठी लुईस हॅमिल्टन समजून घ्यावा लागतो. दोघं एकाच वर्षी जन्मलेले, पोरवयात कार्टिंगच्या एकाच संघात एकत्र वाढलेले, जिवाभावाचे मित्र. २०१३ साली हॅमिल्टन मर्सिडीजमध्ये आला आणि दोघं पुन्हा एका छताखाली आले. फॉर्म्युला वनमध्ये साथीदार हाच पहिला शत्रू असतो, कारण गाडी सारखी असलेला तो एकटाच. त्याच्यापुढे हरलात तर गाडीला दोष देता येत नाही. २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षं हॅमिल्टनने नेली. नैसर्गिक वेगात तो सरस आहे हे रोझबर्गलाही ठाऊक होतं. म्हणून २०१६ साली त्याने बाकीचं सगळं पणाला लावलं. मानसशास्त्रज्ञाबरोबर बसणं, ध्यान, झोपेचं गणित, सगळं केलं. पुढे त्याने स्वतःच सांगितलं, की सायकल चालवून पायांचे स्नायू जड झाले होते म्हणून ऐन हंगामात सायकल बंद केली. वजन एक किलोने उतरलं. जपानमध्ये सुझुकाला सगळ्यांच्या पुढे उभं राहण्याचा मान त्याने मिळवला तो ०.०१३ सेकंदाच्या फरकाने. डोळ्याची पापणी मिटायलासुद्धा यापेक्षा जास्त वेळ लागतो.

शेवटची शर्यत अबूधाबीला, २७ नोव्हेंबरला. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. रोझबर्ग बारा गुणांनी पुढे. हॅमिल्टन जिंकला तरी रोझबर्गला तिसरा क्रमांक पुरेसा होता. हॅमिल्टनने मग डोकं चालवलं. तो पुढे होता, आणि पुढे राहून त्याने गाडी मुद्दाम हळू केली. म्हणजे मागचा रोझबर्ग तुंबेल, त्याच्या मागचे दुसऱ्या संघांचे व्हेटेल आणि व्हर्स्टापेन त्याला गाठतील, दोघांनीही त्याला खाली ढकललं की झालं काम. संघाने रेडिओवरून सांगितलं, वेग वाढव. याने ऐकलं नाही. पुढे जुना मित्र वाट अडवून, मागे नव्या टायरवरचा व्हेटेल फुरफुरत, आणि रोझबर्ग मधे. ना पुढे जाता येत, ना चुकता येत. शेवटी पहिले तिघं एका सेकंदाच्या आत आले. रोझबर्ग दुसरा आला, ३८५ विरुद्ध ३८० गुणांनी विश्वविजेता झाला. ज्या डोंगराच्या माथ्यावर यायचं होतं तिथे मी आलो आहे, अशा अर्थाचं काहीसं तो व्हिएन्नाला बोलला. पुन्हा एक वर्ष तसंच जगायची त्याची तयारी नव्हती, आणि मला ते सरळसरळ पटतं. पळाला म्हणणारेही बरेच निघाले. म्हणोत बापडे.

आता जांभईकडे वळू. त्या वर्षी एकवीस शर्यती झाल्या, त्यातल्या एकोणीस मर्सिडीजने जिंकल्या. उरलेल्या दोनपैकी स्पेनमध्ये हे दोन मित्र पहिल्याच फेरीत एकमेकांवर आदळून बाहेर गेले. मलेशियात आघाडीवरच्या हॅमिल्टनचं इंजिन जळालं. म्हणजे यांना हरवायलाही यांचीच माणसं नाहीतर यांचंच यंत्र लागलं. रविवारी टीव्ही लावणाऱ्याला दिसायच्या दोन चंदेरी गाड्या, पुढे पुढे, एकट्याच.

मागच्या गाड्या ओलांडत का नाहीत? कारण हवा. वर्धा रोडवर मालट्रकच्या अगदी मागे स्कूटर घातली की समोरचा वारा थांबतो, बरं वाटतं, पण हँडल हेलकावे खायला लागतं. तेच इथे. ही गाडी वळणावर जमिनीला चिकटून राहते ती अंगावरून वाहणाऱ्या सरळ हवेच्या दाबामुळे. पुढच्या गाडीने ती हवा घुसळून सोडली, की मागच्याची पकड जाते, टायर घसरून तापतात आणि तो बिचारा अंतर ठेवून बसतो. यावर २०११ साली उपाय काढला. ठरावीक पट्ट्यात, पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असाल, तर मागच्या पंखाची एक फळी उघडायची मुभा दिली. वाऱ्याचा अडथळा कमी होऊन गाडी सुसाट सुटायची. ओलांडणं वाढलं, पण त्यात ओलांडणाऱ्याचं कौतुक करावं असं फार उरलं नाही. भर म्हणून २०१४ साली नवी हायब्रिड इंजिनं आली आणि छातीत घुमणारा तो आवाजही गेला.

दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर ही शर्यत आपल्या देशातही झाली होती. २०११, २०१२, २०१३. तिन्ही वेळा एकच माणूस जिंकला, सेबास्टियन व्हेटेल. पुढे कराच्या वादात ती बंदच पडली. करमणूक आहे की खेळ, असा त्या वादात एक प्रश्न होता. तिन्ही वर्षांचा निकाल बघता करमणूक कर लावणारे जरा आशावादीच म्हणायचे.

आणि आपला पट? धान कापून शेतं मोकळी झाली की भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पटाचे दिवस येतात. लेकी माहेरी येतात, जावई येतात, दिवसभर जोड्या पळतात आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पटात तर बायाही जोडी हाकतात. छकड्यावर धुरकरी चढतो, जोडी सुटते, काही सेकंदांत निकाल लागतो. पण त्या सेकंदांतलं सगळं सगळ्यांसमोर. डावा बैल बुजला, धुरकऱ्याचा तोल गेला, कासरा उशिरा ढिला सुटला, हे बांधावरच्या शाळकरी पोरालाही दिसतं आणि तो ते रात्री नाटकाच्या मांडवात दहा जणांना ऐकवतो. रोझबर्गच्या वर्षात झुंज कमी नव्हती, उलट जिवापाड होती. पण ती चालली होती दोन डोक्यांच्या आत, बंद गॅरेजमध्ये, ग्रॅममध्ये आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात. आपल्यापर्यंत काही पोचलंच नाही. त्या हंगामातली सगळ्यात मोठी खळबळ शर्यत संपल्यावर पाच दिवसांनी झाली, ती उगीच नाही.

पटाचं कौतुक करताना एक मात्र खरं, की बैलाला कुणी विचारलेलं नसतं. तुतारी टोचणं, शेपटी पिरगाळणं, हे होत होतं म्हणूनच मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली वर्षं नाटकं चालू राहिली, जोड्या गोठ्यात बांधलेल्या राहिल्या. पट पुन्हा भरले तेव्हा गर्दी जराही कमी नव्हती. आता मात्र लाखांच्या जोड्या फिरू लागल्यात, आणि तोच मालक गावोगाव बक्षीस उचलून नेऊ लागला तर बांधावरचं पोरगं मोबाइलमध्ये डोकं घालणारच. म्हणून काही ठिकाणी गावच्या जोड्यांसाठी वेगळा गट ठेवतात, ते शहाणपणाचं आहे. फॉर्म्युला वनला खर्चावर मर्यादा घालायला २०२१ साल उजाडावं लागलं, आणि तरीही २०२३ साली रेड बुल संघाने बावीसपैकी एकवीस शर्यती मारल्या.

रोझबर्ग पुन्हा फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरला नाही. पण २०२१ साली विजेवरच्या गाड्यांची एक नवी स्पर्धा निघाली, एक्स्ट्रीम ई नावाची, वाळवंटात आणि हिमनदीच्या पायथ्याशी. तिच्यात एक संघ रोझबर्गने काढला आणि दुसरा हॅमिल्टनने. पहिल्या वर्षी दोघांच्या संघांचे गुण अगदी सारखे झाले, १५५ आणि १५५. जास्त शर्यती जिंकल्या म्हणून विजेतेपद रोझबर्गच्या संघाला मिळालं. दुसऱ्या वर्षी हॅमिल्टनच्या संघाने दोन गुणांनी उट्टं काढलं. इतकी अटीतटीची झुंज फॉर्म्युला वनमध्येही क्वचितच बघायला मिळते. आणि या स्पर्धेचा नियमच असा होता, की पर्यावरणाला धक्का लागू नये म्हणून मैदानावर प्रेक्षकांना बोलवायचंच नाही.