फिल्म काळी पडायची तेव्हा



कोरमंगलातल्या या सभागृहात मराठी बोलणारे एवढे रेडिओग्राफर, रेडिओलॉजिस्ट आणि वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ एकत्र आलेले पाहून मन भरून आलं.  

मी डार्करूममध्ये शिकले. ओली फिल्म क्लिपला लावून उजेडासमोर धरायची आणि काळजात धस्स व्हायचं. एमएएस जास्त झाला की फिल्म काळीकुट्ट, कमी पडला की पांढुरकी. सिनिअर ओरडायचे, पण त्यांच्याआधी फिल्मच ओरडलेली असायची. डिजिटल डिटेक्टर आला आणि ही ओरडणारी फिल्म गेली. आज दुप्पट एक्स्पोजर दिलं तरी सॉफ्टवेअर चित्र सारखं करून देतं. उलट दाणेदारपणा कमी होतो, म्हणून ते जास्तच देखणं दिसतं. एक्स्पोजर कमी पडलं तर रिपोर्टिंग रूममधून लगेच फोन येतो. जास्त झालं तर कुणीच फोन करत नाही. मग हात हळूहळू वरच्या आकड्याकडे सरकत जातो. हे मला फार अस्वस्थ करतं, कारण ज्याला हे सोसावं लागतं त्या पेशंटला त्यातलं काहीच कळत नाही.

2009 मध्ये लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय रुग्णालयात उघडकीला आलेलं प्रकरण तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. मेंदूच्या सीटी परफ्यूजनचं सेटिंग चुकलं होतं आणि सुमारे दीड वर्षात दोनशेहून अधिक पेशंटना ठरल्यापेक्षा जवळजवळ आठपट किरणोत्सार मिळाला. चूक लक्षात आली ती एका पेशंटच्या डोक्यावरचे केस पुंजक्यांनी गळू लागले म्हणून. मशीन बंद पडलं नव्हतं आणि चित्रंही येत होती.

आपल्याकडे 1983 पासून अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. आपल्यासारख्या किरणोत्सारात काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30, ही मर्यादा ठरलेली आहे. सर्वसामान्य माणसासाठी ती 1 मिलिसिव्हर्ट आहे. पेशंटसाठी मात्र अशी मर्यादाच नाही, कारण तपासणीची गरज किती हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. म्हणून त्याच्या वाट्याला जेवढं येतं, तेवढं सगळं आपल्या हातून येतं. तिथे कायदा आपल्यावर विश्वास टाकून थांबला आहे, असं मी मानते.

दोन वर्षांतून एकदा मशीनचं क्यूए, म्हणजे गुणवत्ता तपासणी, होतं, रिपोर्ट फाइलला लागतो, लायसन्सचं काम भागतं. मधले सातशे दिवस मशीनवर लक्ष कोण ठेवतं? कोलिमेटरचा उजेड आणि प्रत्यक्ष किरण एकाच जागी पडतात का, हे पाहायला चार नाणी पुरतात. एक मीटरवरून उजेडाच्या चौकटीच्या चारही कडांवर एकेक नाणं ठेवा, हलकं एक्स्पोजर द्या. नाण्यांच्या जागा आणि चित्राची कड यांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला, तर सर्व्हिस इंजिनिअरला त्याच दिवशी बोलवा. काम पाच मिनिटांचं आहे.

लेड एप्रनचंही तसंच. नोकरीच्या सुरुवातीला एका रुग्णालयात एप्रन घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेले असायचे. एकदा मी एक एप्रन फ्लुरोस्कोपीखाली पसरला. पडद्यावर घडीच्या जागी कमरेपाशी आडवी पांढरी रेघ उमटली, दोऱ्यासारखी बारीक आणि दोन ठिकाणी बोटभर रुंद. तो एप्रन घालून आमच्या एक ताई बरीच वर्षं उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, नंतर स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून घडी घातलेला एप्रन दिसला की मी तो उचलून हँगरला लावते, मग विभाग कुणाचाही असो.

आता मागणं. प्रत्येक विभागाने रिपीट झालेली एक्स्पोजर कारणासकट लिहून ठेवावीत: पोझिशन चुकली, पेशंट हलला, फॅक्टर चुकले. एक्स्पोजर इंडेक्सही रोज पाहावा. डेव्हिएशन इंडेक्स अधिक तीन म्हणजे ठरल्याच्या दुप्पट. चित्र कितीही छान असो, तो आकडा वहीत जावा. फिल्म करायची ते काम आता त्या वहीने करायचं आहे. आणि त्या वहीवरून कुणाला शिक्षा होऊ नये, नाहीतर उद्यापासून ती कोरी राहील.

बंगळुरूत आलेल्या आपल्या माणसांसाठी आणखी एक. इथे बांधकामावरचा मजूर बंगाली किंवा ओडिया बोलतो, आजी फक्त कन्नड. ‘श्वास रोखा’ हे तिला कळलंच नाही, तर छाती हलते, चित्र पुसट येतं आणि त्या आजीला दुसऱ्यांदा एक्स्पोजर द्यावं लागतं. म्हणून जेवणानंतर पहिला तास भाषेचा ठेवला आहे. कन्नड सहकारी आपल्याकडून घोटून घेणार आहेत. पहिली दोन वाक्यं मी आत्ताच सांगते, माझ्याबरोबर म्हणा: ‘उसिरु हिडिदुकोळ्ळि’, श्वास धरून ठेवा. ‘अलुगाडबेडि’, हलू नका.