तपासणी आधी समजून घेऊ



संस्थेच्या आरोग्य शिबिरात पन्नाशीपुढील सर्व पुरुषांची पी.एस.ए. तपासणी सरसकट करावी, अशी सूचना काही सभासदांनी आमच्याकडे केली. सूचनेमागील तळमळ खरी आहे. म्हणूनच तिच्या दोन्ही बाजू आपल्यापुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची लहानशी ग्रंथी. तिच्यात तयार होणारे पी.एस.ए. हे प्रथिन रक्तात वाढले, की कर्करोगाचा संशय येतो. परंतु उतारवयात ग्रंथी वाढली किंवा तिला सूज आली, तरीही ते वाढते. खात्रीसाठी सुईने तुकडा काढून तपासावा लागतो. त्यातून रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो.

युरोपात १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासात ५५ ते ६९ वयाचे सुमारे १ लाख ६२ हजार पुरुष होते. तेवीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. तपासणीस न बोलावलेल्यांत हजारी सुमारे १६ जण या रोगाने दगावले, बोलावलेल्यांत १४. म्हणजे ४५६ जणांना बोलावले तेव्हा एकाचा मृत्यू टळला. ज्या घरचा माणूस वाचला, त्या घराला हा लाभ लहान नाही.

परंतु त्या एकामागे १२ जणांना जादा निदान झाले. यांतील अनेकांचा रोग इतका संथ असतो, की तो जन्मभर त्रास देत नाही. उपचारांनी मात्र लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, लैंगिक दुर्बलता येऊ शकते. ब्रिटनमध्ये १,६४३ रुग्णांचा पंधरा वर्षे पाठपुरावा झाला. शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नुसती देखरेख, काहीही केले तरी या रोगाने सुमारे ३ टक्केच दगावले. निदान झाले म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असे नव्हे.

म्हणून आमचे मत असे, की शिबिरात रांग लावून रक्त घेऊ नये. ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी लाभ-हानी समजून, डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे. सत्तरीनंतर सरसकट तपासणी नको. वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला असेल, तर सल्ला लवकर घ्यावा. लघवीतून रक्त जात असेल किंवा लघवी अडत असेल, तर शिबिराची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

विद्यार्थी मित्रांनो, आपले वडील ही दुखणी लाजेपायी लपवतात. आज घरी गेल्यावर त्यांच्याशी बोला, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.