आवाज हवा, शेखा नको



माझं संशोधन गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांच्या प्रतिष्ठेवर आहे. त्यामुळे मी तमाशावर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण आज मला मोरोक्कोबद्दल बोलायचं आहे, तिथल्या 'आइता' या लोकगायनाबद्दल.

आइता म्हणजे हाक. अटलांटिक किनाऱ्यालगतच्या शेतकरी, मेंढपाळ मुलखात, म्हणजे अब्दा, दुक्काला, शाविया या भागांत हे गाणं वाढलं. भाषा किताबी अरबी नाही, घरात-बाजारात बोलतात ती दारिजा. साथीला व्हायोलिन असतं, पण हनुवटीखाली धरत नाहीत, मांडीवर उभं ठेवून वाजवतात. शिवाय डफासारखा बेंदीर आणि हातात मावणारी मातीची तारिजा. गाणं संथ सुरू होतं, मग लय चढत जाते. बायका गातात, नाचतात, मोकळे केस घुमवतात. लग्न असो की पिराचा उरूस, त्यांच्याशिवाय रंगत नाही.

या बायकांना म्हणतात शेखा. शेख हा शब्द आपल्या ओळखीचा आहे: वडीलधारा, जाणता, मानाचा माणूस. त्याचंच स्त्रीलिंगी रूप मोरोक्कोत जवळजवळ शिवी झालं आहे. एकाच शब्दाचं पुरुषाकडे एक आणि बाईकडे दुसरं होतं, ते कसं, एवढाच माझा प्रश्न आहे.

सगळ्यात गाजलेली शेखा म्हणजे खरबूशा. काळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा. अब्दा भागात कायद ईसा बिन उमर याचा अंमल होता. कायद म्हणजे सुलतानाचा स्थानिक अधिकारी. वसुली आणि जुलूम यांना कंटाळून उलाद झैद या टोळीनं बंड केलं. खरबूशा त्याच टोळीतली. तिनं कायदाचं नाव घेऊन त्याची निंदा गाण्यात गुंफली आणि ती गाणी लोकांच्या तोंडी बसली. बंड चिरडलं गेलं. ती पकडली गेली आणि कायदानं तिला संपवलं, असं लोक सांगतात. मरणाच्या कथा वेगवेगळ्या आहेत, गाणी मात्र आजही गायली जातात. 2008 मध्ये तिच्यावर चित्रपटही आला.

मग फ्रेंच आले. 1912 पासून त्यांची सत्ता. कासाब्लांकात त्यांनी बुस्बिर नावाची भिंतींनी बंद केलेली वेश्यावस्ती उभारली, ती 1955 पर्यंत चालली. गाणारी बाई आणि विकली जाणारी बाई यांतली रेघ त्या काळात आणखी पुसट झाली. म्हणून आज आइताचे चाहते म्हणतात, खरी शेखा कवयित्री होती, बदनामी वसाहतवाल्यांनी आणली.

हा बचाव मला अर्धाच पटतो. त्यात 'चांगली शेखा' वाचते, पण पोटासाठी रात्री बारमध्ये गाणारी पुन्हा बाहेरच राहते. शिवाय बुशाइब अल-बिदावी हा कासाब्लांकाचा गायक रंगमंचावर बाईच्या वेशात उभा राहायचा, हीच आइता गायचा, आणि आज त्याचं नाव उस्तादासारखं घेतात. म्हणजे खोट ना गाण्यात होती, ना नाचात, ना लुगड्यात!

अलीकडचं उदाहरण घ्या. 2022 च्या रमजानमध्ये एका वाहिनीवर शेखेच्या आयुष्यावरची मालिका लागली आणि अशा बाईला नायिका करता म्हणून एका धर्मोपदेशकानं टीका केली. 2024 मध्ये नबील अयूश यांचा 'एव्हरीबडी लव्हज तौदा' हा चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला. त्यातल्या तौदाला शेखा व्हायचं आहे, पण लोकांना तिचा आवाज कमी आणि शरीर जास्त दिसतं.

मोरोक्कोत आपल्यासारखी जात आहे असं मी म्हणत नाही. शेखा जन्मानं ठरत नाही. पुष्कळ जणी घटस्फोटित, घर सोडून आलेल्या असतात. आपल्याकडे फडावर कुणी उभं राहायचं हे बहुतेक वेळा जातीनंच ठरवलं होतं. शैलजा पैक यांच्या तमाशावरच्या 2022 च्या पुस्तकात हे फार नेमकेपणानं आलं आहे: 'अश्लील' हा शिक्का कलेवर मारला असं वाटतं, पण तो बसतो दलित बाईवर. म्हणून शेखेची सुटका आणि आपल्या बाईची सुटका एकच नाही. शेखा गाव बदलून निदान ओळख लपवू शकते. जात गाव बदलल्यावरही आडनाव विचारत येते.

1936 मध्ये मुंबईत बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांना हे जिणं सोडा असं बजावलं होतं. त्यांना माणसाची काळजी होती. वारसा जपा म्हणणाऱ्यांना बहुतेकदा गाण्याची असते. मी पहिल्या बाजूची आहे. तरी ज्या बाईला सोडायचं नाही, जिला गाताना आपण कुणीतरी आहोत असं वाटतं, तिला काय सांगायचं, हे माझ्या प्रबंधात अजून सुटलेलं नाही.

माझं बोलणं इथे थांबवते. प्रश्न जरूर विचारा, पण आधी ज्यांच्या घरातली आजी, मावशी फडावर होती त्यांनी बोलावं.