जुन्या कॅमेऱ्याचे मोल



विजेवर चालणारे यंत्र दहा वर्षांचे झाले की ते अडगळीत जाते, हा आपला रोजचा अनुभव. असे असता २००९ साली निघालेला लायका एम-९ हा डिजिटल कॅमेरा आजही लोक चांगली किंमत मोजून घेतात. हा नुसता नावाचा मोह आहे काय?

मोह थोडा आहेच. पण केवळ मोहावर इतकी वर्षे बाजार टिकत नाही. १९५४ साली एम-३ या फिल्मच्या कॅमेऱ्याबरोबर भिंग बसविण्याची जी खाच आली, तीच एम-९ला आहे. आजोबांचे भिंग नातवाच्या कॅमेऱ्यावर बसते! आणि याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढाच, २४ बाय ३६ मिलिमीटरचा. त्यामुळे भिंगाला जेवढे दिसते तेवढे चित्रात उतरते. २००६च्या एम-८ला हे साधले नव्हते.

दुसरे कारण पाहण्याच्या रीतीचे. या कॅमेऱ्याच्या खिडकीत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. हाताने भिंग फिरवून त्या एकजीव करावयाच्या, की अंतर जुळले. चित्राची चौकट रेषांनी दाखविलेली असते आणि तिच्या बाहेरचेही दिसते. माणूस चौकटीत येण्यापूर्वीच आपण त्याची वाट पाहू लागतो. यंत्र घाई करीत नाही. म्हणून आपणही करीत नाही.

मात्र घेणाऱ्याने सावध असावे. या कॅमेऱ्यांच्या सेन्सरवरील काच कालांतराने गंजते आणि चित्रावर डाग उमटतात. कंपनीने आरंभी सेन्सर मोफत बदलून दिले. पुढे ती सोय राहिली नाही. तेव्हा सेन्सर बदललेला आहे काय, हे आधी विचारा. छिद्र अगदी बारीक करून निरभ्र आकाशाचे एक चित्र काढा आणि ते मोठे करून पाहा. डाग असतील तर लपणार नाहीत. किमतीतला मोठा फरक याच एका उत्तरावर ठरतो.

गंमत पाहा. वरचे पितळ टिकले, भिंगे टिकली, १९५४ची खाच टिकली. दगा दिला तो नव्या युगाच्या काचेने. ज्या वस्तूचा प्रत्येक भाग बदलता येतो, ती म्हातारी होते पण मरत नाही. वस्तू विकत घेताना आपण तिची किंमत विचारतो. ती दुरुस्त कोण करील, हेही विचारू लागलो, तर आपल्या घरात भंगार कमी आणि वारसा अधिक साठेल.