वाघिणीच्या अंगावरचे डाग

इंग्रजांच्या ‘वॅगन’ची मराठी माणसाने ‘वाघीण’ करून टाकली. शब्द जिभेवर बसला आणि कोळसा, लाकूड, धान्य वाहणाऱ्या लोखंडी डब्याला एकाएकी जनावराचे रूप आले. या वाघिणीचे चिमुकले पिल्लू म्हणजे प्रतिकृतीच्या आगगाडीचा मालडबा. पिल्लू लहान खरे. परंतु त्याच्या अंगावरचा चिवट डाग काढताना भल्याभल्यांची परीक्षा होते.

नंदगडकरांची आगगाडी भेटते ती खानापूरच्या स्टेशनात. बेळगाव-लोंढा हा मार्ग एकोणिसाव्या शतकात सदर्न मराठा रेल्वेने मीटर गेज म्हणून बांधला आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो रुंद झाला. अशा मुलखात एखाद्या घराच्या माळ्यावर जुनी किल्लीची आगगाडी सापडली, तर घरातल्या मुलांच्या आनंदाला सीमा राहत नाही. पण खानापूर तालुक्यातला पाऊस मोठा धुवांधार. चार महिन्यांच्या ओलीने पत्र्याला गंज धरतो, खोक्याच्या पुठ्ठ्यावर बुरशी येते, चुलीच्या धुराची काजळी छपरावर बसते. एखाद्या नाताळात गाडी गोठ्याच्या देखाव्याभोवती फिरलेली असली, तर मेणबत्तीचे मेणही तिच्यावर ओघळलेले असते. मग कोणीतरी उत्साहाने पितळेच्या भांड्याप्रमाणे तिला चिंच आणि राख लावून घासायला बसतो, आणि डागाबरोबर रंग, अक्षरे व क्रमांक हेही धुऊन निघतात. गेलेला डाग कोणाला आठवत नाही. गेलेला क्रमांक मात्र परत येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न डाग कशाचा हा नसून तो कशावर पडला आहे, हा होय. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्यातून १९२० साली पत्र्याच्या, किल्लीच्या गाड्या निघू लागल्या. अशा पत्र्याला पाण्याचे वावडे असते. पाणी दुमडलेल्या कडांत शिरते आणि आतून गंज चढवते. तेथे कोरडा मऊ ब्रश, नंतर शिवणयंत्राच्या तेलात किंचित बुडवलेला कापूस, आणि शेवटी कोरडे मलमल, एवढेच उपचार पुरेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या वाघिणी बहुधा पॉलिस्टायरीन जातीच्या प्लास्टिकच्या असतात. त्यांना पाणी चालते. पण नखांचा रंग काढण्याचे द्रव्य, म्हणजे अ‍ॅसिटोन, लागताच त्यांचे अंगच विरघळते.

या छंदात एक ते सत्त्याऐंशी हे प्रमाण जगभर रूढ आहे. खरी दहा मीटरांची वाघीण त्यात साडेअकरा सेंटिमीटरांची होते. याच हिशेबाने तिच्यावर पडलेला एक मिलिमीटरचा गोंदाचा थेंब खऱ्या वाघिणीवरच्या जवळजवळ नऊ सेंटिमीटरांच्या डागाएवढा दिसतो. दोष इतका डोळ्यांत भरतो म्हणूनच हात घाई करतो, आणि घाई हीच या कामातली खरी शत्रू.

क्रम असा ठेवावा. प्रथम रंगकामाच्या मऊ ब्रशाने धूळ झाडावी; धूळ तशीच राहिली, तर ती पुसताना ओरखडे काढते. मग प्लास्टिकची वाघीण असेल तर चाके काढून, रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने कापूस भिजवून पुसावे. मेण असल्यास ऊब देऊ नये. बर्फाने ते गार करावे, म्हणजे ठिसूळ होऊन बांबूच्या काडीने सुटते. किमतीच्या चिठ्ठीचा डिंक खोबरेल तेल चोळून थोडा वेळ ठेवल्यास मऊ पडतो. शाईसाठी स्पिरिट उपयोगी आहे. तथापि तेच स्पिरिट छापलेली अक्षरेही उचलते. म्हणून कोणतेही द्रव्य आधी वाघिणीच्या पोटाखाली, जेथे कोणाची नजर जात नाही तेथे, लावून पाहावे. कापसावर रंग उतरला, तर तेथेच थांबावे.

काही डाग वस्तुतः डाग नसतात. मऊ प्लास्टिकच्या वेष्टनात वाघीण वर्षानुवर्षे राहिली, तर त्या वेष्टनातले तेलकट द्रव्य झिरपून तिच्या अंगात मुरते आणि पृष्ठभाग चिकट, खाचदार होतो. ती जखम आहे. पुसून ती जाणार नाही. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने बोटांच्या ठशांवर पांढुरके धुके बसते. हाच गुण हेरून पोलीस त्या वाफेने गुन्हेगारांचे ठसे शोधतात.

याउलट काही डाग मुद्दाम घातलेले असतात. लोंढ्याहून मुरगाव बंदराच्या वाटेवर धावणाऱ्या खऱ्या वाघिणी कोळशाच्या आणि खनिजाच्या भुकटीने माखलेल्या असतात. जाणते छांदिष्ट आपल्या चकचकीत प्रतिकृतीवर पातळ रंगाने तशीच धूळ आणि तसाच गंज उतरवतात. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. तेथे स्थानके, खांब, सिग्नल यांसह धावणारे ते इवले जग पाहिले, म्हणजे या कलेत खरेपणाला किती किंमत आहे हे उमगते. दुसऱ्याने कष्टाने रंगवलेला गंज घाण समजून पुसणे हा मोठाच अपराध होईल.

आणि वाघीण उलटी केल्यावर पोटाखाली फिकट शाईत एखादे नाव किंवा तारीख आढळली, तर स्पिरिटाची बाटली झाकून ठेवावी. ज्या हाताने ते लिहिले, तो हात आता घरात नसेल. पण गाडी कोणाची होती हे सांगणारे तेवढेच अक्षर उरलेले असते. बाकीची वाघीण पुसावी, कोरडी करावी, सुती कापडात गुंडाळून माळ्याऐवजी कपाटात ठेवावी. ते नाव मात्र जसे आहे तसेच राहू द्यावे.