बिनसाखरेचे शीतपेय आणि आपली मुले
(मंगला गौरी, वाराणसी येथे मंगळागौरीच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पंचगंगा घाटाच्या उंच पायऱ्या चढून मंगला गौरीच्या दर्शनास येताना आपणांपैकी बहुतेकांना धाप लागली असेल, आणि वर पोहोचताच देवीच्या पाठोपाठ पाण्याची आठवण झाली असेल. म्हणूनच आज आम्ही विषयही तहानेचाच निवडला आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात काशीक्षेत्राचे माहात्म्य सांगणारे विद्वान पुष्कळ भेटतील; आम्ही मात्र घरातल्या एका साध्या प्रश्नाविषयी चार शब्द बोलणार आहोत. 'डाएट' या नावाने विकली जाणारी बिनसाखरेची शीतपेये मुलांना द्यावीत काय?

हा प्रश्न आमच्यापुढे आमच्याच चुकीने उभा राहिला, हे प्रथम कबूल केले पाहिजे. गेल्या श्रावणात जागरणाची तयारी करताना, एवढ्या मंडळींचे पन्हे कोण करणार, असा विचार करून आम्ही बाटल्या मागविल्या. वडीलधाऱ्यांत मधुमेही बरेच, म्हणून त्या मुद्दाम बिनसाखरेच्या घेतल्या. झिम्मा-फुगड्यांच्या गडबडीत मुलांनी पेल्यांमागून पेले रिकामे केले. एका सहा वर्षांच्या मुलीची आई तिला अडवू लागली, तेव्हा आम्हीच म्हणालो, "अहो, यात साखर नाही. पिऊ द्या तिला." दुसऱ्या दिवशी बाटल्या गोळा करताना त्याच मुलीच्या आजोबांनी भिंग धरून वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचून दाखविली. मुलांसाठी या पेयाची शिफारस नाही, असे तेथे इंग्रजीत स्पष्ट छापलेले होते. आम्हांस मान खाली घालावी लागली.

ही अक्षरे कोणा कारखानदाराच्या लहरीने छापली जात नाहीत. आपल्या देशाच्या 2011 च्या अन्नवेष्टन-नियमांनीच कृत्रिम गोडी घातलेल्या पदार्थांवर ती सूचना सांगितली होती. ॲस्पार्टेम असल्यास फेनिलकेटोन्यूरिया या जन्मजात विकाराच्या रुग्णांसाठी वेगळा इशाराही द्यावा लागतो.

मग हे पेय विषारी आहे काय? तसे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे 200 पट गोड असते, म्हणून ते अत्यल्प लागते. 2023 च्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने त्याची गणना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात केली, तेव्हा घरोघरी घबराट उडाली. पण पुरावा मर्यादित असतानाच एखादा पदार्थ या गटात जातो. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञसमितीने दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे 40 मिलिग्रॅम ही पूर्वीची मर्यादा कायम ठेवली.

आता आपण घरचा हिशेब मांडू. एका डब्यात 200 ते 300 मिलिग्रॅम ॲस्पार्टेम धरले, तर 70 किलोच्या माणसाला ही मर्यादा ओलांडण्यास 9 ते 14 डब्यांहून अधिक प्यावे लागेल. परंतु 20 किलोच्या बालकाची मर्यादा 800 मिलिग्रॅम, म्हणजे अवघे तीन-चार डबे! एखादा पेला पोटात गेल्याने घाबरण्याचे कारण नाही. मात्र मोठ्यांचे माप मुलांना लावता येत नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

शिवाय साखर काढली म्हणून बाकीचे घटक निघून जात नाहीत. कोला जातीच्या पेयांत कॅफीन असते. त्या रात्री मुले पहाटेपर्यंत का जागली, याचे श्रेय आम्ही भोळेपणाने देवीला दिले होते! या पेयांतील आम्लामुळे दातांचे कवच झिजते, आणि ते आम्ल बिनसाखरेच्या बाटलीतही असतेच.

आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो मुद्दा जिभेच्या वळणाचा. 2023 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा कृत्रिम गोडीचा आधार घेऊ नये, असा सल्ला दिला. तो मुलांनाही लागू आहे. केवळ आधीपासून मधुमेह असलेल्यांना त्यातून वगळले आहे. गोडाची सवय लहानपणीच लागते. जे मूल प्रत्येक तहानेला गोड घोट मागते, त्याची साखर आपण आज चुकविली तरी सवय चुकत नाही.

आपल्यातीलच एका कुटुंबात बालपणापासून मधुमेह असलेला मुलगा आहे. त्याच्या आईने आम्हांस विचारले, "वाढदिवसाला सगळे पितात, तेव्हा माझ्या मुलाने काय करावे?" त्याच्या बाबतीत साखरेच्या बाटलीपेक्षा बिनसाखरेची बाटली बरी ठरू शकते, तो निर्णय त्याच्या डॉक्टरांचा. पण त्या प्रश्नातले दुःख बाटलीचे नव्हते, वेगळे पडण्याचे होते. सर्वच मुलांच्या हाती ताकाचा पेला दिला, तर तो मुलगा वेगळा पडतोच कशाला?

येथे एक सावधगिरी हवी. बिनसाखरेचे नको म्हणून साखरेचे शीतपेय देणे, म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय. 300 मिलिलिटरच्या बाटलीत 30 ग्रॅमांहून अधिक, म्हणजे सहा चमचे साखर असते. आपले पन्हेही गुळाने ओथंबलेले असेल, तर केवळ जुने म्हणून ते निर्दोष ठरत नाही. पहिला मान पाण्याचा; मग जिरे घातलेल्या ताकाचा. आणि काशीत राहून आपण हरभऱ्याच्या सत्तूला का विसरावे? मीठ, लिंबू व भाजलेले जिरे घातलेला सत्तूचा पेला भर उन्हाळ्यात या नगरीला तगवितो. आमसुलाचे सार कोकणातून येथवर आले, सत्तू येथलाच. आपल्या मुलांचे माहेर आणि आजोळ एकाच पंगतीत बसावे, तशी ही जोडी आहे.

यंदाच्या जागरणासाठी मंडळाने बाटल्या मागविलेल्या नाहीत. मागे दोन मोठ्या घागरी भरून ताक ठेवले आहे. ते घुसळण्यास हात कमी पडत होते, तेव्हा गेल्या वर्षीची ती सहा वर्षांची, आता सात वर्षांची झालेली मुलगी आजोबांसह मदतीला आली. पहिला पेला तिला द्यावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.